बाळंतिणीच्या दारापर्यंत येणारी आरोग्यसेवा : पैसा कुठून येतो, हक्क काय आहे?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मुद्दा ठामपणे मांडला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला. आई आणि बाळाची काळजी ही केवळ त्या कुटुंबाची खासगी बाब नाही, हे तत्त्व आजच्या घरभेट योजनेलाही लागू पडते.

योजनेचे मूळ

या योजनेमागे महाराष्ट्रातलाच अनुभव आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या महिलांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून केंद्र सरकारने आशांमार्फत ही सेवा देशभर सुरू केली.

किती भेटी?

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीची भेट वाढते, म्हणजे एकूण सात. या भेटीत बाळाचे वजन व ताप पाहणे, श्वास मोजणे, नाळ तपासणे, अंगावर पाजण्यात अडचण आहे का ते पाहणे आणि आईला ताप किंवा जास्त रक्तस्राव आहे का हे विचारणे अपेक्षित आहे. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या.

पैसा कोणाचा?

हा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. नवजात बाळाच्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये ठरवले गेले. सहा भेटी धरल्या तर एका भेटीमागे ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. पुढच्या पाच भेटींना प्रत्येकी ५० रुपये. कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका' आहेत, म्हणून मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, पण महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी पुन्हा पुन्हा संप करावे लागले.

खंड कुठे पडतो?

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, तेव्हा तिचे नाव सासरच्या यादीत आणि बाळ माहेरच्या गावात असते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचेही तेच. जिथे मोबदला यादी आणि पूर्ण झालेल्या भेटींवर मोजला जातो, तिथे यादीबाहेरचे बाळ सहज सुटते. ज्या बाळाला भेटीची सर्वात जास्त गरज, तेच असे मागे राहते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

● वस्तीत बाळ जन्मले की माहेर-सासर न पाहता, बाळ जिथे आहे तिथल्या आशाताईला कळवा.
● माता व बाल संरक्षण कार्डावर वजन आणि भेटींची नोंद झाली का ते पाहा.
● बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा झटके येत असतील तर थांबू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. आजारी बाळाला वर्षभर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार व वाहन मिळण्याची तरतूद आहे.
● ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीला जा. किती भेटी झाल्या आणि आशांचा मोबदला किती महिने थकला, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारा.

भेट झाली नाही म्हणून आशाताईशी भांडून प्रश्न सुटत नाही. तिला मिळायचा पैसा आणि आपल्या बाळाचा हक्क एकाच निधीतून येतात. म्हणून मागणीही एकत्रच करावी लागेल.

जय भीम!