नागपूर रेसिडेन्सी व चांदा जिल्हा

नागपूरच्या भोसले दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलातीस १८१८ मध्ये प्रत्यक्ष राज्यकारभाराचे अधिकार मिळाले. राजनय व मुलकी व्यवस्था एका हाती आल्याने एखाद्या प्रदेशाविषयीचे धोरण कसे घडते, हे चांदा जिल्ह्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा बराचसा भाग त्यात मोडत असे.

देवगावच्या तहानंतर (१८०३) मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन व त्याच्या पाठोपाठ रिचर्ड जेंकिन्झ हे नागपुरास रेसिडेंट होते. दरबाराशी वाटाघाटी करणे व बातम्या मिळविणे हेच प्रारंभी त्यांचे काम होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर (१८१७) आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले. मे १८१८ मध्ये कंपनीच्या फौजेने चांद्याचा किल्ला घेतला. नवे राजे तिसरे रघूजी अल्पवयी असल्याने त्यांच्या नावाने जेंकिन्झ कारभार पाहू लागला. जिल्ह्याजिल्ह्यांत ब्रिटिश अधीक्षक नेमण्यात आले; चांद्यास कॅप्टन क्रॉफर्ड होता. प्रचलित रीतिरिवाज शक्यतो कायम ठेवून त्यांतील गैरप्रकार दूर करावेत, असे जेंकिन्झचे धोरण होते. अहेरीसारख्या जंगलातील जमीनदाऱ्या ‘टाकोळी’ ही हलकी खंडणी भरून अंतर्गत कारभार स्वतःच पाहत.

ही व्यवस्था पूर्वीपेक्षा शिस्तीची होती. मात्र तिची मुदत प्रजेच्या गरजेवरून ठरली नाही. १८२६ च्या तहाने राजांस कारभार परत मिळाला, तरी फौजेचा खर्च भागविण्यासाठी चांद्यासह काही प्रदेश कंपनीने स्वतःकडे ठेवला. १८२९ च्या तहान्वये वार्षिक आठ लाख रुपये देण्याचे मान्य झाल्यावर तो परत करण्यात आला. अशा रीतीने चांद्याची मुलकी व्यवस्था हे तहातील एक कलम बनले. १८३० नंतर रेसिडेंटाकडे पुन्हा मुख्यतः सल्लागाराची भूमिका राहिली.

तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर (१८५३) राज्य खालसा झाले (१८५४) व रेसिडेंटाच्या जागी कमिशनर आला. तेव्हापासून सल्ला देणारी व राज्य करणारी सत्ता एकच झाली; जमीनदारांना दाद मागण्यासाठी दुसरा दरबार उरला नाही. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके व अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. बाबूरावांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी देण्यात आले.

परराष्ट्र व विकाससाहाय्य ही खाती ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांनी २०१३ मध्ये, तर ब्रिटनने २०२० मध्ये एकत्र केली. भारताने २०१२ मध्ये विकास भागीदारी प्रशासन परराष्ट्र मंत्रालयातच स्थापन केले. सार्वभौम राष्ट्रांना दिले जाणारे साहाय्य व मांडलिक राज्यावरील ताबा यांत मूलभूत भेद आहे. तथापि साहाय्याचा काळ व प्रमाण लाभार्थींच्या गरजेवरून ठरावे की देणाऱ्याच्या राजकीय हिशेबावरून, हा चांद्यात उद्‌भवलेला प्रश्न या विलीनीकरणांतही कायम राहतो.