‘आपले’ म्हणजे कोण?

योहानाच्या शुभवर्तमानांतील पहिल्या अध्यायाचें अकरावें वचन अवघ्या एका ओळीचें आहे. जो आला तो आपल्या घरीं आला, आणि घरच्यांनींच त्यास आंत घेतलें नाहीं, इतकाच त्याचा आशय. परंतु या ओळीच्या अर्थावरून किती अनर्थ माजला हें पाहिलें म्हणजे ती पुनः एकदां बारकाईनें वाचावीशी वाटते.

मूळ ग्रीक वचनांत ‘आपलें’ या अर्थाचा शब्द दोनदां येतो. प्रथम नपुंसकलिंगीं, मग पुल्लिंगीं. इंग्रजी वाचकास हा भेद समजावून द्यावा लागतो. तीन लिंगांत वाढलेल्या मराठी वाचकास तो सहज उमगावा. जें आपलें तेथें तो आला, जे आपले त्यांनीं पाठ फिरविली. पहिल्या पदाचा अर्थ कोणी ‘मालमत्ता’ असा करतात. आम्हांस ‘घर’ हाच अर्थ पटतो. कारण याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायांत क्रुसाजवळचा शिष्य येशूच्या मातेस आपल्या घरीं नेतो, तेथें नेमका हाच शब्दप्रयोग आहे.

तेव्हां हें गाऱ्हाणें घरांतलें आहे. येशू यहुदी, त्याचे पहिले शिष्यही यहुदी. आणि ज्यांनीं त्याचा स्वीकार केला त्यांचा उल्लेख लगेच बाराव्या वचनांत येतो. नवव्या अध्यायांत येशूस ख्रिस्त मानणारांस सभास्थानांतून घालवून देण्याची गोष्ट आहे. भावकी तुटल्याची ती जखम लिहिणाराच्या मनांत ताजी असावी, असें पुष्कळ विद्वान मानतात.

पुढें वाचणारे बदलले. आईनें पोटच्या मुलांविषयीं काढलेले कडू उद्गार शेजाऱ्यानें चव्हाट्यावर म्हणून दाखवावेत, तसें झालें. ३८६-८७ सालीं अंत्युखियांत योहान क्रिसोस्तमानें यहुद्यांविरुद्ध केलेलीं प्रवचनें प्रसिद्धच आहेत. यहुदी लोक देवानें टाकलेले वा शापिलेले आहेत असें दाखवूं नये, हें रोमच्या धर्मसभेनें जाहीर केलें तें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं!

दूर कशाला जा? गोव्यांतील वैद्य गार्सिया द ऑर्ता याचे आईबाप १४९२ सालीं स्पेनमधून हांकललेल्या यहुद्यांपैकीं. १४९७ सालीं पोर्तुगालांत त्यांस सक्तीनें ख्रिस्ती करण्यांत आलें. ऑर्तानें येथील औषधींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. १५६८ सालीं तो वारला. तो बाप्तिस्मा झालेला, म्हणजे ‘आपल्यां’पैकींच. पण गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशननें १५६९ सालीं त्याच्या बहिणीस जिवंत जाळविलें, आणि १५८० सालीं खुद्द त्याचीं हाडें उकरून तींही जाळविलीं.