दरबार कलम वाचली, बाजार कलम गेली

गंजिफा हा शब्द फारसी आहे, पण आज महाराष्ट्रात तो उच्चारला की सावंतवाडीच आठवते. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त 12 रंगांच्या, 144 पत्त्यांच्या खेळाचे वर्णन केले. पुढे रूढ झाला तो 8 रंगांचा, 96 गोल पत्त्यांचा मुघल गंजिफा.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून या रंगांची नावे मला विशेष आवडतात : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. यातली निम्मी नावे मराठी मुलाला समजावून सांगावी लागत नाहीत. बरात म्हणजे पैसे देण्याचा हुकूम. जुन्या मराठी दफ्तरातली ‘वरात’ ती हीच. दख्खनमध्ये याच खेळाने दशावतारी रूप घेतले. 10 अवतार, प्रत्येकी 12 पत्ते, एकूण 120. मुघल खेळात दिवसा सुर्खची उतारी, रात्री सफेदची. दशावतारीत दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. सांगाडा एकच, चित्रे आपापली. सावंतवाडीचे चितारी दोन्ही प्रकारचे संच रंगवत आले.

आता धंद्याची बाजू पाहू. गंजिफाचे दोन दर्जे असत. श्रीमंतांसाठी हस्तिदंत, कासवाचे कवच यांवर बारीक काम केलेली ‘दरबार कलम’, आणि सामान्यांसाठी साध्या कागद-कापडाची, झटपट रंगवलेली ‘बाजार कलम’. चिताऱ्याला नाव मिळे दरबार कलमीमुळे, पण खेळ घराघरांत टिकला तो बाजार कलमीमुळे. पत्ते झिजत, हरवत; माणूस पुन्हा नवा संच घ्यायला येई.

युरोपातून छापील, स्वस्त, 52 पत्त्यांचा कॅट आला तेव्हा बाजार कलम आधी गेली. मग खेळणारे गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत जाणकार कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण वाचली ती दरबार कलम. आज संच विकत घेणारा तो बहुधा भिंतीवर लावतो, आणि भिंतीवरचा संच कधी झिजत नाही.

इथे इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. 1975 मध्ये तीन मित्रांनी लाकडी खेळपट बनवून ती सुरू केली. 1983 मध्ये तिचा ‘वॉरहॅमर’ आला : टेबलावर बोटभर उंचीच्या सैनिकांची लढाई, आणि सैनिक खेळणाऱ्यानेच रंगवायचे. 2001 पासून एका गाजलेल्या चित्रपटमालिकेवरच्या खेळाने विक्री वाढली, चित्रपट संपल्यावर उतरली. तरी कंपनी सावरली, कारण ‘वॉरहॅमर’चे जग तिचे स्वतःचे होते. त्यातल्या कथा, नियम, मूर्ती, रंग आणि दुकाने सगळे तिच्याच हातात. दुकानात टेबल मांडून नवख्याला खेळायला शिकवतात. शिकलेला पुन्हा येतो. मोबाइल आणि व्हिडिओ गेमच्या काळातही 2024 च्या अखेरीस ती लंडन शेअर बाजारातल्या पहिल्या 100 कंपन्यांच्या निर्देशांकात पोहोचली.

म्हणजे हाताने खेळायचा, वेळखाऊ, रंगवलेला खेळ आजही चालतो. पण कंपनीने आधी खेळणारा सांभाळला. आपण गंजिफाची वस्तू सांभाळली, खेळणारा सोडून दिला.

आमच्या नांदूरघाटात पत्त्यांचा कॅट सहज मिळतो, गंजिफा मिळत नाही. कारागिराचा हाताने रंगवलेला संच महागच असणार, असावाही. त्याच्याच चित्रांवरून, त्याला मोबदला देऊन, स्वस्त छापील संच काढता येईल. सोबत नियमांचे पान हवे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. शाळेतल्या मुलांनी 96 पत्ते लक्षात ठेवायला शिकले, तर त्यांतलाच एखादा उद्या खरा संच घ्यायला सावंतवाडीला जाईल.

वारसा म्हणून गंजिफाला मान मिळतोच आहे. चिताऱ्याच्या मुलाला मात्र मानाबरोबर गिऱ्हाईकही लागते, आणि ते खेळणाऱ्यांतूनच येईल.