लस की जंतू?

मी शाळेत असताना आमच्या आजोबांना क्षय झाला आणि आम्हा भावंडांची माँटू टेस्ट झाली. हातावर सुई टोचली, तिसऱ्या दिवशी ती जागा टणक सुजली. डॉक्टरांनी पट्टीने सूज मोजली. आईने विचारले, ‘‘हा क्षयाचा जंतू, की बीसीजी लशीचा परिणाम?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘नुसत्या सुजेवरून ते सांगता येत नाही.’’ पुढे कित्येक महिने मी खोकलो की आई हातातले काम टाकून बघायची.

आईच्या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने आले, ती क्षयापासून फार दूर सुरू झाली. रक्तात प्रतिपिंडे किती, हे मोजता येई. पण ती स्रवणाऱ्या पेशी किती, हे कळत नसे. १९६३ साली पिट्सबर्गमध्ये नील्स येर्ने आणि आल्बर्ट नॉर्डिन यांनी एका प्राण्याला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या. मग त्याच्या शरीरातील पेशी मेंढीच्या रक्तपेशींबरोबर अगरच्या पातळ थरात मिसळल्या. जी पेशी प्रतिपिंडे स्रवत होती, तिच्याभोवतीच्या तांबड्या पेशी फुटल्या आणि स्वच्छ वर्तुळ उमटले. एक वर्तुळ म्हणजे एक पेशी!

१९७१मध्ये स्वीडनच्या एंगवाल आणि पर्लमन यांनी विकराच्या रंगावरून मोजमाप करणारी ‘एलायझा’ चाचणी आणली. १९८३मध्ये स्वीडनमध्ये चेर्किन्स्की यांनी आणि ऑस्ट्रेलियात सेजविक व होल्ट यांनी या दोन कल्पना एकत्र आणल्या. पेशीतून निघालेला स्राव तिथल्या तिथे तळाला चिकटवायचा, पेशी धुऊन टाकायच्या आणि मग रंग चढवायचा. पेशी जाते, तिचा ठिपका राहतो. हीच ‘एलिस्पॉट’. १९८८पासून इंटरफेरॉन गॅमा स्रवणाऱ्या पेशीही अशाच मोजता येऊ लागल्या.

क्षयाच्या जंतूत ‘ईसॅट-६’ नावाचे प्रथिन असते. बीसीजीत ते नसते. रक्तातल्या पेशींना ते दाखवायचे. ओळख असलेल्या पेशी इंटरफेरॉन स्रवतात, ठिपके उमटतात. ऑक्सफर्डच्या अजित लालवाणी यांच्या गटाने २००१मध्ये क्षयरुग्णांच्या सहवासातील माणसांवर ही पद्धत वापरून दाखवली.

जंतू नुसता दडून आहे की आजार सुरू झाला आहे, हे मात्र ठिपकेही सांगत नाहीत. त्यासाठी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लागतोच. पण आईने विचारले होते ते एवढेच : लस की जंतू? त्याचे उत्तर आज आहे. ते ऐकायला आई नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)