नाकाला सवय होते, फुप्फुसाला नाही

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपपासून चाकणच्या मोठ्या पेंट शॉपपर्यंत नव्या कामगाराला एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं : ‘सवय होईल.’ थिनरच्या वासानं डोकं दुखलं, सडलेल्या कूलंटनं मळमळलं, वेल्डिंगच्या धुरानं घसा खवखवला, तरी उत्तर तेच. सुपरवायझर हे दुष्टाव्यानं म्हणत नाही. त्यालाही कधीकाळी तो वास सोसवला नव्हता आणि आठ-पंधरा दिवसांत तो जाणवेनासा झाला होता. या अनुभवातून एक समज पक्का झाला आहे : वास ही सोयी-गैरसोयीची गोष्ट आहे, तब्येतीची नाही, नाक सरावलं की प्रश्न मिटला. हा समज चुकीचा आहे, आणि या औद्योगिक पट्ट्यात तो घातकही आहे.

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. त्याला तीन आधार आहेत. पहिला, माणसाचं नाक मुळात अधू. त्याची साक्ष कशाला मानायची? दुसरा, सरावणं ही निसर्गाचीच योजना आहे. जे अपायकारक नाही त्याकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकतो. तिसरा आधार सर्वांत भक्कम आहे, कारण त्याच्या पाठीशी प्रयोग उभे आहेत. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमध्ये पामेला डाल्टन यांनी १९९०च्या दशकात लोकांना एकच वास देऊन त्याबद्दल वेगवेगळी माहिती सांगितली. वास अपायकारक आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांना तो जास्त तीव्र वाटला आणि त्रासही त्यांनीच अधिक नोंदवला. तेव्हा वासाची तक्रार बरीचशी मनाची असते, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो निराधार म्हणता येत नाही.

आता एकेक आधार तपासू. नाक अधू असल्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांनी १८७९च्या सुमारास माणसाचा घ्राणकंद, म्हणजे नाकाचे संदेश घेणारा मेंदूचा भाग, एकूण मेंदूच्या मानानं लहान दिसतो म्हणून माणसाला वासावर न जगणाऱ्या प्राण्यांत टाकलं. हा निवाडा आकारावरून दिलेला होता, वास घेण्याच्या चाचणीवरून नव्हे. जॉन मॅकगन यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये तो सविस्तर खोडून काढला. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१मध्ये गंधग्राहकांची जनुकं शोधली आणि २००४चं नोबेल मिळवलं. त्या शोधाच्या वाटेनं गेल्यावर माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक काम करतात हे कळलं. शिवाय नाकाचा संदेश अमिग्डालापर्यंत, म्हणजे भीती आणि भावना हाताळणाऱ्या भागापर्यंत, इतर संवेदनांपेक्षा कमी टप्प्यांत पोचतो. वासानं माणूस अस्वस्थ होतो तो याच रचनेमुळे. त्यावरून त्याला नाजूक ठरवण्यासारखं काही नाही.

दुसरा आधार अर्धवट खरा आहे. नाक सरावतं, पण सरावतं म्हणजे काय होतं? गंधपेशीत कॅल्शियम शिरतं आणि तेच पुढच्या संदेशाची धार बोथट करतं. पुढे मेंदूतही त्या वासाची दखल कमी होत जाते. या सगळ्यात हवेतलं रसायन एका कणानंही घटत नाही. ॲसिटोन वापरणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना तो वास जाणवायला इतरांपेक्षा जास्त ॲसिटोन लागतं, असं १९९७च्या एका अभ्यासात दिसलं. जाणीव घटली, मात्रा तीच राहिली. आणि ही योजना अपायकारक व निरुपद्रवी असा भेदही करत नाही. गटारात किंवा सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असताना सडक्या अंड्यासारखा येतो. तो १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला असं वाटतं तेव्हाच जीव धोक्यात असतो.

गाडीच्या सीटचा फोम बनवताना लागणारं टोल्युइन डायआयसोसायनेट याच्या उलट आहे. त्याचा वास कळेपर्यंत सुरक्षित मर्यादा कितीतरी पट ओलांडलेली असते. दोन भागांत येणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये याच कुळातली रसायनं असतात. एकदा शरीर त्यांना संवेदनशील झालं की पुढे अत्यल्प मात्राही दमा उठवते. नाक सरावत असताना श्वसनमार्ग बिथरत जातो. कूलंटचंही तेच. पिंपरी-चिंचवडच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुटीत यंत्रं बंद राहिली की टाकीत प्राणवायूविना वाढणारे जिवाणू माजतात आणि शुक्रवारी सकाळी शॉपमध्ये दुर्गंध भरतो. दुपारपर्यंत तो कोणाला जाणवत नाही. जिवाणू मात्र टाकीतच असतात, आणि यंत्र फिरू लागलं की तुषारांबरोबर छातीत जातात.

राहिला तिसरा आधार. डाल्टन यांचा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे, पण त्याचा अर्थ सोयीपुरता काढला जातो. सांगण्यावरून त्रास वाढत असेल, तर सांगण्यावरूनच तो दबूही शकतो. ‘काही होत नाही, सवय होईल’ हेही सांगणंच आहे. तक्रारीवरून हवा मोजता येत नाही हे मान्य करणाऱ्यानं मौनावरूनही ती मोजता येत नाही हे मान्य केलं पाहिजे. त्या प्रयोगातून निघणारा धडा सरळ आहे : हवा यंत्रानं मोजा आणि कामगाराला खरं ते सांगा.

माणसाला स्वतःच्या नाकाची खबर किती कमी असते, याचा पुरावा पुण्यातच आहे. पाषाणच्या आयसर संस्थेत डॉ. निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा घ्राणसंवेदनेच्या चेतामंडलांवर काम करते. दोन मिळतेजुळते वास ओळखायला उंदराला जास्त वेळ लागतो, आणि घ्राणकंदातल्या निरोधक पेशी हा निर्णय जलद करायला मदत करतात, हे त्यांच्या आधीच्या संशोधनातून पुढे आलं होतं. २०२०च्या साथीत त्यांच्या गटानं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांसोबत वास मोजून सोडणारं उपकरण वापरून कोविडबाधितांची तपासणी केली. लक्षणं नसलेल्या अनेकांची घ्राणशक्ती घटलेली निघाली, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ‘तुला वास येतो का?’ असं नुसतं विचारून भागत नाही, हे या कामानं दाखवून दिलं.

कामातून घ्राणशक्ती बिघडते का, हा प्रश्नही मोकळा ठेवून चालणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर बंदिस्त जागेत काम केलेल्या वेल्डरांची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. बरोबरीच्या इतर माणसांपेक्षा त्यांची वास ओळखण्याची क्षमता कमी भरली. वेल्डिंग हा तर चाकण-भोसरीचा रोजचा धंदा. तरीही १९४८च्या कारखाना कायद्यानं नोंद बंधनकारक केलेल्या आजारांच्या यादीत आवाजामुळे येणारं बहिरेपण होतं, आयसोसायनेटची विषबाधा होती, घ्राणहानी नव्हती. कान तपासतात, डोळे तपासतात, नाकाला कोणी विचारत नाही. काही ठिकाणी उपाय म्हणून सुगंधी फवारे बसवले जातात. त्यांनी दुर्गंध झाकला जातो आणि हवेत आणखी एक रसायन वाढतं. कामाच्या जागी प्रसन्न वाटावं ही अपेक्षा रास्त आहे. तिची सुरुवात स्वच्छ हवेपासून होते.

म्हणून मंडन थोडक्यात असं. ज्या शॉपमध्ये द्रावकं, आयसोसायनेट, कूलंट किंवा वेल्डिंगचा धूर आहे, तिथली हवा ठरावीक मुदतीनं यंत्रानं मोजावी आणि आकडे मराठी-हिंदीत फलकावर लावावेत. वार्षिक तपासणीत कानाबरोबर नाकाचीही चाचणी घ्यावी. प्रमाणित गंधचाचण्या १९८०च्या दशकापासून उपलब्ध आहेत, आणि त्यांना काही मिनिटंच लागतात. कंत्राटदार बदलला तरी कामगाराची आरोग्यनोंद त्याच्यासोबत जावी. आणि नव्यानं रुजू झालेला किंवा लांब रजेवरून परतलेला माणूस ‘इथं वास येतोय’ म्हणाला, तर त्याचं म्हणणं त्याच दिवशी वहीत नोंदवून एक्झॉस्ट तपासावा. शॉपमध्ये सरावलेलं नसलेलं नाक त्याच्याच जवळ असतं. युनियनचे पदाधिकारी, सुरक्षा अधिकारी आणि कारखान्यांचे डॉक्टर यांनी पुढच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत एवढ्या चार गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात, आणि ‘सवय होईल’ हे उत्तर आपल्या शॉपपुरतं तरी कायमचं बंद करावं.