उशिरा पोचणारा पहारेकरी

जिममध्ये तासन् तास घालवणाऱ्या मित्राला विचारा, शरीरातला सगळ्यात छोटा स्नायू कुठला? तो कानात आहे. नाव स्टेपिडियस, लांबी जेमतेम सहा मिलिमीटर.

कानाच्या पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब आपण शाळेत पाठ केलेली असतात. त्यांना दोन स्नायू जोडलेले आहेत. सोळाव्या शतकात इटलीत शवविच्छेदन करणाऱ्यांनी ते शोधले. हातोडीचा स्नायू बार्टोलोमेओ युस्ताकीने वर्णन केला, रिकिबीच्या स्नायूचं श्रेय कोस्टान्झो व्हारोलिओला दिलं जातं. पण मेलेल्या कानात स्नायू नुसता दिसतो, हलत नाही. त्यामुळे तो करतो काय, हा प्रश्न कितीतरी काळ लोंबकळत राहिला.

१९२९ मध्ये स्विस डॉक्टर एर्हार्ड लुशर यांना पडद्याला भोक पडलेला एक कान मिळाला. त्या भोकातून त्यांनी पाहिलं: मोठा आवाज झाला की स्टेपिडियस आखडतो आणि रिकीब ओढून धरतो. १९४६ मध्ये कोपनहेगनच्या ओटो मेट्झ यांनी हीच हालचाल धडधाकट कानात बाहेरून मोजून दाखवली. कानाच्या डॉक्टरांकडची आजची तपासणी त्याच वाटेने आली.

म्हणजे हा कानाचा पहारेकरी? हो, पण उशिरा पोचणारा. खूप मोठ्या आवाजालाही त्याला पंचवीस-तीस मिलिसेकंद लागतात, कमी आवाजाला शंभराहून जास्त. बंदुकीचा बार एका मिलिसेकंदाच्या आतच शिखर गाठतो. १९६० मध्ये अमेरिकन संशोधक फ्लेचर आणि रिओपेल यांनी तोडगा करून पाहिला. बार उडण्याच्या किंचित आधी मोठा सूर वाजवला. स्नायू आधीच आखडला आणि बारानंतर येणारा तात्पुरता बहिरेपणा कमी झाला.

मग निसर्गाने इतका संथ पहारेकरी ठेवला कशाला? बंदूक तर अलीकडची. एक उत्तर आपल्याच घशात आहे: बोलण्याच्या क्षणभर आधी हा स्नायू आखडतो, म्हणजे स्वतःच्या आवाजाने आपलेच कान भरत नाहीत. वटवाघळांतही तेच. ओरडण्याआधी त्यांचे हे स्नायू आखडतात आणि प्रतिध्वनी येईपर्यंत सैल पडू लागतात, हे हेन्सन यांनी १९६५ मध्ये दाखवलं. शिवाय हा स्नायू मुख्यतः खर्जातले आवाज दाबतो, त्यामुळे गोंगाटात बोलणं समजायला मदत होते. चेहऱ्याच्या नसेला लकवा झाला की काहींचा स्टेपिडियसही निकामी होतो. मग भांड्यांचा साधा खणखणाटसुद्धा सहन होत नाही.

इअरफोनमधले वरच्या पट्टीतले आवाज मात्र त्याच्या हातून बरेचसे निसटतात. आवाज चालूच राहिला, तर त्याची पकडही हळूहळू ढिली पडते. आणि सुतळी बॉम्ब? तिथे तो पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. वात पेटवून पळताना पोरं कानावर हात ठेवतात, ते बरोबरच आहे. पहारेकऱ्याला जमत नाही ते हातांना जमतं: आवाजाच्या आधी पोचणं.