स्थिर बिंदूचा शोध : जबड्याची वाढ आणि दातांचे स्थानांतर

दुधाचे दात पडून कायमचे दात येतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु आलेले दातही स्वस्थानी अचल राहत नाहीत. ज्या हाडात ते रोवलेले असतात ते हाड वाढत असते, आणि त्याबरोबर दातही सरकत असतात. हे सरकणे मोजावयाचे तर न हलणारा एखादा बिंदू हवा. वाढत्या हाडात तो कोठे सापडावा, हाच या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

मंजिष्ठेच्या जातीच्या एका युरोपीय वनस्पतीचा तांबडा रंग कापड छापण्यासाठी वापरीत. त्या रंगात मिसळलेला कोंडा खाल्लेल्या डुकरांची हाडे तांबडी होतात, असे जॉन बेल्चिअर याने १७३६ मध्ये लंडनमध्ये नोंदविले. रंग त्या काळात नव्याने बनणाऱ्या हाडातच विशेषेकरून बसतो, हे पुढे स्पष्ट झाले. वाढीचे स्थान ओळखण्याची खूण अशा रीतीने हाती आली.

जॉन हंटर याने १७७१ च्या आपल्या दंतविषयक ग्रंथात निरनिराळ्या वयांच्या जबड्यांची तुलना केली. दुधाचे दात ज्या पुढील भागात असतात तो फारसा लांबत नाही. खालचा जबडा मागील बाजूने वाढतो व त्याच्या उभ्या शाखेची पुढील कड झिजून दाढांना जागा होते, असे त्याचे प्रतिपादन होते. जॉर्ज हंफ्री याने १८६४ मध्ये डुकरांच्या जबड्याच्या या शाखेभोवती तारेची कडी बसविली. काही काळाने कडीचा मागील भाग हाडात गाडला गेला व पुढील भाग मोकळा झाला. हंटरच्या मताला यामुळे प्रायोगिक आधार मिळाला.

१९३१ मध्ये ब्रॉडबेंट याने डोक्याची क्ष-किरण छायाचित्रे ठराविक स्थितीत घेण्याची पद्धत मांडली. त्यामुळे एकाच मुलाची वाढ वर्षानुवर्षे पाहता येऊ लागली. तथापि, दोन चित्रे एकमेकांवर ठेवताना जबड्याची खालची कड स्थिर धरली, तर ती कडच बदलत असल्याने निष्कर्ष चुकत. डेन्मार्कच्या आर्ने ब्यॉर्क याने १९५५ मध्ये हाडात बसविलेल्या धातूच्या बारीक खिळ्यांच्या आधारे केलेले संशोधन प्रसिद्ध केले. त्यावरून असे दिसून आले की, वाढताना जबडा किंचित वळतो. पण कडांवर हाड चढत-झिजत राहिल्याने हे वळणे बाहेरून झाकले जाते. दातही त्याला अनुसरून जागा बदलतात. म्हणूनच वरच्या व खालच्या दातांचा मेळ बहुधा टिकून राहतो.

या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्वही मोठे आहे. खालच्या पुढील दातांची दाटी केवळ अक्कलदाढेच्या रेट्याने होते, हा सोपा समज पुरेसा ठरत नाही. वाढीची दिशाही विचारात घ्यावी लागते. जो मेळ स्थिर भासतो तो अखंड हालचालीनेच राखलेला असतो. म्हणून परिवर्तनाच्या अभ्यासकाने, मग ते हाडाचे असो वा भाषेचे, आपण अचल मानलेली खूण खरोखर अचल आहे काय, हे प्रथम तपासणे अवश्य आहे.